बैठक संपल्यावर उठताना

बुटीबोरीत आमच्या बचत गटाची बैठक सतरंजीवर बसून होते. हिशेब झाला, सह्या झाल्या की सगळ्या उठतात. त्या वेळी कोण कशी उठते, हे आम्ही गेल्या वर्षापासून मुद्दाम पाहतो. कोणी सरळ उठते, कोणी गुडघ्यावर हात टेकून, कोणी शेजारणीचा खांदा धरून. खांदा धरणाऱ्या वाढल्या, हे काही रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

पाहायला लागलो ते आमच्या एका मावशीमुळे. साठी ओलांडलेली, गटात पहिल्या दिवसापासूनची. श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मावशीचं बैठकीला येणं बंद झालं. मुलगा म्हणाला, "आता घरीच राह्य, पुन्हा पडशील." मावशीही म्हणाली, "मले भेव वाटते बाई." चार महिन्यांनी आम्ही भेटायला गेलो, तर ओसरीवरून अंगणात उतरतानाही ती भिंत धरत होती. पडण्याआधी अशी नव्हती.

गोम इथेच आहे. भीतीनं हालचाल कमी होते, त्यानं मांड्या-पोटऱ्यांतला जोर जातो, तोल आणखी बिघडतो आणि पडण्याचा धोका वाढतो. मुलगा प्रेमानंच बोलला होता. पण नुसतं बसवून ठेवणं हा यावरचा इलाज नाही.

तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून खबर मिळते. डोळे सांगतात समोर काय आहे. कानाच्या आत, खोलवर, पाण्यासारखा द्रव असलेल्या बारीक नळ्या असतात. डोकं कुठं वळलं ते त्या सांगतात. आणि तळपाय व सांधे सांगतात जमीन कशी आहे. मेंदू या तिन्ही खबरा जुळवतो आणि स्नायूंना हुकूम देतो. वयानं तिन्ही थोड्या मंदावतात. मोतीबिंदू झाला की डोळ्यांची खबर धूसर होते. बरीच वर्षं शुगर असली की तळपाय बधिर होऊ शकतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. म्हणून रात्री लाईट न लावता न्हाणीकडे जाणं धोक्याचं, कारण अंधारात डोळ्यांची खबरच बंद असते.

चक्कर येत असेल तर "अशक्तपणा असंल" म्हणून सोडू नका. अंथरुणात कूस बदलताच घर गरगरलं, तर कानातले बारीक कण जागचे हललेले असू शकतात; डॉक्टर डोकं विशिष्ट रीतीनं वळवून बरेचदा ते जागेवर आणतात. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब एकदम उतरत असेल. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनीही तसं होतं. गोळी मनानं बंद करायची नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. पुढं लागलंच तर नागपूरचं मेडिकल आहे, वर्धा रोडवर मिहानमध्ये एम्स आहे.

आता सरावाचं. "जनमभर वावरात राबलो, आता व्यायाम कशाले?" असं आम्हाला हमखास ऐकवलं जातं. बरोबर आहे, पण निंदण बसून होतं, वेचणी वाकून होते, आणि वावर सुटलं की तेही संपतं. तोल मात्र सरावानं साठीनंतरही सुधारतो. पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यात निदान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चहा उकळेपर्यंत ओट्याला हात लावून उभं राहा. पाय जुळवून दहा आकडे मोजा. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढं ठेवून दहा. तेही जमलं की एक पाय उचला, लहानपणी लंगडी खेळताना उचलत होतो तसा. हात ओट्याजवळच ठेवायचा. टाचा उचलून चवड्यावर दहा वेळा. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून, शक्यतो हात न लावता, पाच वेळा उठा-बसा. आणि भिंतीकडेनं टाचेला अंगठा लावत चाला, अरुंद धुऱ्यावरून चालतो तसं. खऱ्या धुऱ्यावर नको! सुरुवातीला सून, नात, कोणीतरी जवळ असू द्या. नुकतंच हाड मोडलं असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मोबाइलवर एक निरोप फिरतो, "दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही तर लवकर मरण." आमच्या गटातल्या दोघी घाबरून गेल्या होत्या. त्याचं मूळ आहे २०२२ साली छापलेल्या ब्राझीलमधल्या एका अभ्यासात. ५१ ते ७५ वयाची १,७०२ माणसं तपासली, त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यू जास्त दिसले. पण ज्यांना जमलं नाही त्यांच्यात आधीपासून आजारी माणसंही जास्त होती. पाय टेकला म्हणून कोणी मरत नाही. जमत नसेल तर तपासून घ्या आणि सराव सुरू करा, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.

घरात न्हाणीचं शेवाळ खरवडून काढा, घासून गुळगुळीत झालेली चप्पल फेका, धरायला भिंतीत एक पाइप ठोकून घ्या. काठीची लाज तर अजिबात नको. चष्मा, काठी, वॉकर घ्यायला ६५ वर्षांवरच्यांना ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य सरकारनं २०२४ साली आणली. वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. अर्ज सध्या सुरू आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

आता आमच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं सरावाची असतात. मावशीला आणायला आम्ही दोघी जातो. डाव्या पायावर तिचे आठ आकडे होतात, उजव्यावर चारच. हात अजून भिंतीवरून सुटत नाही. मागच्या खेपेला मात्र पूर्ण तळवा नव्हता, दोन बोटंच टेकलेली होती.