डब्यातली वीज किती वेळ पुरेल?

मे महिन्यातील संध्याकाळ होती. दिवसभर नागपूरच्या उन्हाने अंगाची लाही लाही केली होती. अंधार पडता पडता धुळीचे वादळ सुटले, कडुनिंबाची एक मोठी फांदी विजेच्या तारांवर कोसळली आणि आमचा सारा मोहल्ला काळोखात बुडाला. पंखे थांबले, कूलर थांबले. आणि शेजारच्या घरातून एक बारीक, पण सारखी चालू असलेली शिट्टी ऐकू येऊ लागली. तेथील आजींना फुप्फुसांचा विकार आहे. रात्री झोपताना व दुपारी काही वेळ त्यांना यंत्रातून ऑक्सिजन घ्यावा लागतो. त्या यंत्राची वीज तुटली होती आणि ते धोक्याची सूचना देत होते.

पंचवीस मिनिटांनी वीज आली. परंतु ती पंचवीस मिनिटे त्या घराला फार मोठी गेली. दुसऱ्या दिवशी आजींचे चिरंजीव माझ्याकडे आले.

"सर, बर्डीवर एक डबा पाहून आलो. छोटं पॉवर स्टेशन म्हणतात त्याला. दुकानदार म्हणून राहिला, आठ तास चालते. घेऊन टाकू का?"

मी म्हटले, "आठ तास काय चालते, ते सांगितले का त्याने?"

ते गप्प राहिले. त्यांचा नववीतला मुलगा मात्र लगेच वही घेऊन आला. त्या दिवशी आम्ही जो हिशेब मांडला, तो तुमच्याही घरी केव्हातरी उपयोगी पडेल.

वीजकेंद्र की रांजण?

पहिल्यांदा नावाचा घोटाळा दूर करू. नागपूरच्या उत्तरेस कोराडीला खरेखुरे वीजकेंद्र आहे. तेथील पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आज तेथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. दुकानातील डबा ५०० वॉट देणारा होता. म्हणजे कोराडीच्या एका संचाची बरोबरी करायला असे १३ लाख २० हजार डबे लागतील!

परंतु खरा फरक आकाराचा नाही. कोराडीला कोळशातील रासायनिक ऊर्जेपासून वीज निर्माण होते. हा डबा वीज निर्माण करीत नाही. आपण भरलेली वीज तो साठवून ठेवतो. म्हणून त्याला वीजकेंद्र म्हणण्यापेक्षा विजेचा रांजण म्हणणे योग्य होईल.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, "कोराडी इतके जवळ असताना आमच्या घरची वीज जातेच कशी?" कारण असे की, कोराडीची वीज प्रथम उच्च दाबाने राज्याच्या जाळ्यात जाते आणि तेथून उपकेंद्रे, रोहित्रे व गल्लीतल्या तारा यांतून आपल्याकडे येते. या साखळीतील एक कडी तुटली तरी घरात अंधार होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईसारख्या महानगराचा वीजपुरवठा पारेषणातील बिघाडामुळे काही तास खंडित झाला होता. तेव्हा वीजकेंद्र दाराशी असले तरी घरचा रांजण अनावश्यक ठरत नाही.

तीन आकडे, तीन अर्थ

डब्यावर अनेक आकडे छापलेले होते. त्यांपैकी तीन समजून घेतले म्हणजे पुरे.

पहिला आकडा वॉट-तासांचा: ५१२. हा रांजणाचा आकार. एक वॉटचे उपकरण एक तास चालले की एक वॉट-तास ऊर्जा खर्च होते. वीजबिलातील एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. म्हणजे या डब्यात जेमतेम अर्धा युनिट वीज मावते. अर्ध्या युनिटाला तुच्छ मात्र समजू नका. ५१२ वॉट-तास म्हणजे सुमारे १८ लाख ४३ हजार जूल. एवढी ऊर्जा, काहीही वाया न घालवता, ५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याला समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावर दोनदा नेऊन ठेवील आणि तरीही थोडी उरेल.

दुसरा आकडा वॉटचा: ५००. हे रांजणाच्या तोटीचे तोंड. रांजण कितीही भरलेला असला तरी ५०० वॉटहून अधिक शक्ती या तोटीतून सतत मिळणार नाही. १,५०० वॉटची इस्त्री लावली, तर डबा स्वतःचे रक्षण करण्यासाठी प्रवाह तोडील.

तिसरा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत होता: १,६०,००० मिलिअँपिअर-तास. ग्राहक येथेच फसतो. घरच्या साध्या इन्व्हर्टरला जोडलेली शिसे-आम्ल बॅटरी पुष्कळदा १५० अँपिअर-तासांची, म्हणजे १,५०,००० मिलिअँपिअर-तासांची असते. मग डबा तिच्यापेक्षा मोठा काय? मुळीच नाही! अँपिअर-तास हे विद्युत्भाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जा काढण्यासाठी त्याला दाबाने, म्हणजे व्होल्टने, गुणावे लागते. डब्याचा आकडा ३.२ व्होल्टच्या एका घटाच्या हिशेबाने दिलेला होता: १६० × ३.२ = ५१२ वॉट-तास. बॅटरी १२ व्होल्टची: १५० × १२ = १,८०० वॉट-तास. आकडा मोठा, पण ऊर्जा एक तृतीयांशाहूनही कमी! म्हणून दुकानात मिलिअँपिअर-तास ऐकले की लगेच "वॉट-तास किती?" असे विचारावे.

आठ तासांचे रहस्य

आता मूळ प्रश्न. ५१२ ला ६० ने भागले तर साडेआठ येतात. म्हणजे दुकानदाराचे आठ तास साधारण ६० वॉटच्या पंख्याचे होते. आजींच्या यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर मात्र ३३० वॉट लिहिलेले होते. हे यंत्र हवा दाबून झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजातून ढकलते. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जातो. हवा दाबण्याचे काम कॉम्प्रेसरचे, आणि तोच बहुतेक वीज खातो.

शिवाय रांजणातील सारे पाणी तोटीतून येत नाही. घटांतून निघणारा प्रवाह एकदिश असतो. त्याचे २३० व्होल्टच्या, सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. किती जाते? दुकानदार सज्जन होता. त्याने एक डबा दोन-तीन दिवस वापरून पाहण्यासाठी दिला. आम्ही तो प्रयोगशाळेत नेला.

डबा पूर्ण भरून त्याला १०० वॉटचे दोन जुने तारेचे दिवे लावले. ते २ तास १० मिनिटे जळले. २०० वॉटने गुणले तर सुमारे ४३३ वॉट-तास मिळतात. म्हणजे छापील आकड्याच्या ८५ टक्के.

मग पुन्हा डबा भरून फक्त ९ वॉटचा एक एलईडी दिवा लावला. ८५ टक्के धरून तो ४८ तास जळायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे २४ तासांतच डबा रिकामा झाला! विद्यार्थी गोंधळले. उत्तर असे की, प्रवाहाचे रूपांतर करणारे मंडल नुसते चालू ठेवायलाच जवळजवळ १० वॉट लागत होते. दिव्याला ९ आणि मंडलाला १०. घोड्यापेक्षा नालालाच खर्च जास्त! म्हणून मोबाइल किंवा छोटा दिवा यांसाठी डब्याचा एकदिश प्रवाहाचा यूएसबी मार्ग वापरावा आणि २३० व्होल्टचे बटण बंद ठेवावे.

आता आजींचे यंत्र. ५१२ च्या ८५ टक्के म्हणजे ४३५. त्याला ३३० ने भागले तर १.३२ तास, म्हणजे १ तास १९ मिनिटे. आठ तास कोठे आणि हे कोठे! आठ तास हवेच असतील तर ३३० × ८ ÷ ०.८५, म्हणजे सुमारे ३,१०० वॉट-तासांचा रांजण हवा.

आणखी एक अडचण निघाली. कोणतीही मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. एका सकाळी, आजींना यंत्राची गरज नसताना, आम्ही ते डब्यावर चालवून पाहिले. दोनदा सुरळीत सुरू झाले. तिसऱ्यांदा डब्याने प्रवाह तोडला. तीनपैकी एकदा दगा देणारी व्यवस्था रुग्णासाठी व्यवस्थाच नव्हे. रूपांतरक शुद्ध साइन तरंग देतो की नाही, हेही पाहावे; पायऱ्यापायऱ्यांच्या तरंगावर मोटर गुरगुरते आणि तापते.

पोटात काय आहे?

असल्या बहुतेक डब्यांत लिथियम-आयन घट असतात. त्यांची विक्री १९९१ साली जपानमध्ये सुरू झाली आणि त्यांच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कामाचा प्रकार आहे लिथियम-लोह-फॉस्फेट. टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्यासह ज्यांनी हे द्रव्य पुढे आणले, त्यांत अक्षय पाधी व नंजुंडस्वामी हे भारतीय वंशाचे संशोधक होते. त्यांचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. या घटात फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे तो तापला तरी सहजासहजी पेट घेत नाही. साधारण दोन-तीन हजार वेळा तो भरता व रिकामा करता येतो. निकेल-कोबाल्टयुक्त घट वजनाला हलके, पण बहुधा ५०० ते ८०० आवर्तनांतच थकू लागतात. घरी ठेवायच्या डब्यासाठी दोन किलो वजन वाढलेले चालेल. सुरक्षितता आणि आयुष्य मोलाचे. डब्यातील घटांसाठी आय.एस. १६०४६ या भारतीय मानकाची नोंदणी आहे ना, हेही पाहून घ्यावे.

आणि नागपूरकरांनी एक गोष्ट कधी विसरू नये: उष्णता. पुष्कळ डबे ४५ अंशांच्या वर भरून घेण्यास नकार देतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच तेवढी तापते! रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांना अंदाजे दुप्पट होतो, हे तुम्ही शिकला असाल. घटाची झीज हीदेखील रासायनिक क्रियाच आहे. म्हणून डबा टिनाच्या छपराखाली, गच्चीवरच्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवू नये. कूलरच्या तुषारांतही नको. घरातील सर्वांत थंड, कोरडा, हवेशीर कोपरा त्याचा. सौर पट्टीने डबा भरणार असाल तर पट्टी उन्हात आणि डबा सावलीत ठेवा. पट्टीही तापली की २५ अंशांपुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावते. ६५ अंशांना १६ टक्के घट झालीच म्हणून समजा.

वहीने दिलेले उत्तर

मग त्या कुटुंबाने काय घेतले? लगेच काहीच नाही. मुलाने एक महिना वही ठेवली: वीज केव्हा गेली, केव्हा आली. महिन्यात वीज १४ वेळा गेली. ११ वेळा अर्ध्या तासाच्या आत परत आली. दोनदा एक ते दीड तास लागला. एकदा सव्वातीन तास. तोपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणून ठेवला होता. 'बी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. आजींना डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितलेला. म्हणजे ७५० मिनिटे, साडेबारा तास! त्याला ना वीज लागते, ना रूपांतरक. मात्र त्याच्याजवळ उदबत्ती, दिवा, शेगडी अजिबात नको.

महिनाअखेरीस त्यांनी १,०२४ वॉट-तासांचा आणि १,००० वॉटचा डबा घेतला. तो यंत्राला सुमारे २ तास ३८ मिनिटे पुरतो. चौदापैकी तेरा वेळा तेवढे पुरे झाले असते. चौदाव्या वेळेसाठी सिलिंडर आहे. यंत्र डब्यावर दहा वेळा सुरू करून पाहिले, दहाही वेळा सुरू झाले.

घरात नुसते पंखे-दिवे चालवायचे असते आणि घर स्वतःचे असते, तर मी त्यांना साधा इन्व्हर्टर आणि शिसे-आम्ल बॅटरीच घ्यायला सांगितले असते; प्रत्येक वॉट-तासाला ती स्वस्त पडते. परंतु भाड्याचे घर, उचलून दुसऱ्या खोलीत किंवा गावी न्यायची सोय, वेळप्रसंगी आजींना गाडीतून दवाखान्यात नेताना बरोबर घेता येणे, हे सारे पाहता डबाच योग्य होता. विमानात मात्र १६० वॉट-तासांहून मोठा असा डबा प्रवाशाला नेता येत नाही.

करून पाहा

घरातील प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवरील वॉट वहीत लिहा. वीज गेल्यावर ज्यांच्यावाचून अडते त्यांच्यापुढे खूण करा. शेजारी किती तास हवे ते मांडा, गुणाकार करा, बेरीज करा आणि बेरजेला ०.८५ ने भागा. तुमच्या रांजणाचा आकार मिळेल. महिनाभर वीज जाण्याच्या वेळाही टिपून ठेवा.

परवा रात्री पुन्हा वीज गेली. मी खिडकीतून कान देऊन ऐकले. शिट्टी वाजली नाही. यंत्राची घरघर तेवढी एका लयीत चालू होती.