डोळ्यांनी हाकलेला कळप

शीळ एकदाच वाजली आणि मेंढपाळाच्या पायाशी बसलेली काळी-पांढरी कुत्री सुटली. सरळ मेंढ्यांच्या अंगावर नाही, तर डावीकडून मोठा वळसा घेत, चढावर, कळपाच्या पार पलीकडे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या नॉर्थम्बरलंडमधली ही टेकडी. पन्नासेक चेव्हिअट जातीच्या मेंढ्या वर विखुरलेल्या. मी भुंकण्याची वाट बघत होतो; ते आलंच नाही.

मागे पोचल्यावर ती वाकली. डोकं जमिनीलगत, शेपूट खाली, पुढचा एक पाय हवेत तसाच राहिलेला. मेंढ्यांनी माना वर केल्या, एकमेकींना खेटल्या आणि आमच्या दिशेने चालू लागल्या. मेंढपाळ चार पावलं सरकला, तशी तीही वर सरकली. कळप कायम दोघांच्या मध्ये. त्याच्या हुकमांत ‘कम बाय’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखं फिर, ‘अवे’ म्हणजे उलट.

हे खरं तर लांडग्याचंच काम आहे. हेरायचं, दबकत जायचं, वेढायचं. फक्त शेवटचा चावा पिढ्यान् पिढ्या निवड करून काढून टाकलेला. आपल्या धनगराचं कुत्रं नेमकं उलट्या कामाचं: ते लांडग्यापासून कळप राखतं, हाकायचं काम माणसांकडे.

न भुंकता हाकणारी ही मूक नजर बॉर्डर कॉली या जातीत पक्की केली ती नॉर्थम्बरलंडमधल्याच एका कुत्र्याने. वेस्ट वुडबर्नच्या ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ मध्ये हेम्प जन्मला. बाप रॉय मवाळ स्वभावाचा. आई मेग लाजरी आणि नजरेची इतकी जबर, की म्हणे मेंढ्यांकडे बघता बघता स्वतःच खिळून जायची. दोघांचं नेमकं हवं तेवढंच पोराकडे आलं. १९०१ मध्ये तो गेला, पण आजच्या जवळपास प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ मागे नेली तर त्याच्यापाशी पोचते.

त्याच्या जन्माच्या वीस वर्षं आधी, १८७३ मध्ये, वेल्समधल्या बालाला मेंढपाळी कुत्र्यांची चाचणी भरली होती. जिंकला एक स्कॉटिश मेंढपाळ, ट्वीड नावाच्या कुत्र्यासह. यजमानांना ते कितपत रुचलं असेल कोण जाणे. १९०६ मध्ये हॅडिंग्टनला आंतरराष्ट्रीय मेंढपाळी-श्वान संस्था निघाली. ‘बॉर्डर कॉली’ हे नाव तिचे सचिव जेम्स रीड यांनी १९१५ मध्ये वापरलं, असं सांगतात. या संस्थेला कान उभे की पडलेले, केस आखूड की लांब, याच्याशी देणंघेणं नाही. वंशावळ नसलेलं कुत्रंही काम सिद्ध केलं तर तिच्या वहीत येऊ शकतं. १९७६ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली आणि प्रदर्शनात रूपाला गुण मिळू लागले. मला मेंढपाळांचंच माप पटतं.

मेंढ्या वाड्यात शिरल्या. फाटक लागलं. ‘दॅटल डू,’ मेंढपाळ हलक्या आवाजात म्हणाला. बास, झालं. कुत्री वळली, त्याच्या बुटाशी येऊन पडली. डोळे मात्र फाटकाच्या फटीवर.