तुटलेले बोट मुंबईपर्यंत न्यायचे कसे?

बोईसरच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली किंवा पट्ट्यात सापडून कामगाराचे बोट तुटते, तेव्हा सगळे त्या माणसाला उचलून दवाखान्याकडे धावतात. ते योग्यच आहे. बोट मात्र अनेकदा यंत्रातच राहते आणि मग कुणीतरी परत जाऊन ते शोधून आणतो. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात अशी बोटे रुमालात गुंडाळून येतात, पाण्याच्या बाटलीत बुडवून येतात, हळद लावून येतात, कधी थेट बर्फाच्या चुऱ्यात पुरून येतात. आणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण जोडता आले असते असे बोट कधीकधी केवळ आणण्याच्या पद्धतीमुळे वाया जाते, हे पाहून वाईट वाटते. पालघर जिल्ह्यात कारखाने आहेत, भातगिरण्या आहेत, मळणी यंत्रे आहेत, लाकडाच्या वखारी आहेत. आणि बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारी पथके बहुतेक दूर, मुंबईत आहेत. म्हणून हा मधला प्रवास कसा करायचा, हे प्रत्येक सुपरवायझरला आणि खरे तर प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

बोट खरेच जोडता येते का?

येते. १९६२ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने एका बारा वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात पुन्हा जोडला. पुढच्याच वर्षी चीनमध्ये शांघायला डॉ. चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा मनगटाजवळ तुटलेला हात जोडला. १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. बोटातली रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची, टोकाकडे त्याहूनही बारीक. ती शिवायला लागणारा धागा आपल्या केसापेक्षा बारीक असतो. हाड, स्नायुबंध, शिरा, धमन्या, नसा हे सगळे एकेक करून जोडायचे, म्हणजे एका बोटालाही कित्येक तास लागतात.

घड्याळ कधी सुरू होते?

बोट तुटल्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा थांबतो. प्राणवायू संपत जातो आणि पेशी मरू लागतात. थंडाव्यात पेशींची भूक कमी होते, म्हणून त्या जास्त काळ तग धरतात. दान केलेले अवयव थंड पेटीतून नेतात त्यामागे हेच कारण आहे. हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत बसवावे लागते, मूत्रपिंड मात्र एक दिवसापर्यंत टिकू शकते.

बोट या बाबतीत नशीबवान आहे. प्राणवायूवाचून सर्वांत लवकर खराब होतो तो मांसल स्नायू, आणि बोटात तो जवळजवळ नसतोच. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. बोटांपर्यंत येतात ते त्यांचे दोर. त्यामुळे साध्या तापमानाला ठेवलेले बोट साधारण १२ तास, आणि नीट थंड ठेवलेले २४ तासांपर्यंत जोडण्याजोगे राहू शकते. मनगटाच्या वर तुटलेल्या हातात मात्र स्नायू भरपूर. तिथे साध्या तापमानाला ६ तास आणि थंडाव्यात सुमारे १२ तास, एवढीच मुदत. हे आकडे निवांत राहण्यासाठी नाहीत. जितके लवकर तितके चांगले. पण बोट नीट थंड ठेवले असेल, तर बोईसरहून मुंबई गाठायला वेळ पुरेसा असतो. जिवावर उदार होऊन गाडी पळवण्याची गरज नसते.

पापलेट आणि बोट

सातपाटीच्या बंदरावरून पापलेट बर्फात घालून मुंबईच्या बाजारात जाते, हे आपण रोज पाहतो. बोटही तसेच न्यावे असे वाटणे साहजिक आहे. फरक एवढाच, की मासा ताजा राहिला म्हणजे काम झाले. बोट जिवंत राहायला हवे. बर्फ थेट लागला की पेशींमधले पाणी गोठते, त्याचे टोकदार स्फटिक पेशी फाडतात आणि बारीक रक्तवाहिन्या कायमच्या निकामी होतात. बर्फात मीठ घातले तर आणखी वाईट. कुल्फी गोठते ती बर्फात मीठ घातल्यावर तापमान शून्याखाली जाते म्हणूनच. फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले बोट असेच गोठते. कारखान्यात मिळणारा कोरडा बर्फ तर चुकूनही वापरू नये.

उलट बोट पाण्यात बुडवून ठेवले तर ते फुगते, कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि शिवायच्या रक्तवाहिन्या लगदा होतात. म्हणून बोट ओलसर हवे, पण भिजलेले नको. थंड हवे, पण गोठलेले नको.

नेण्याची योग्य पद्धत

बोट उचला. मातीचे किंवा तेलाचे मोठे कण दिसत असतील तर सलाईनने हलकेच धुऊन काढा. सलाईन नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी चालेल. घासू नका. डेटॉल, स्पिरिट, आयोडीन, हळद, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका.

स्वच्छ गॉज किंवा धुतलेला सुती कपडा सलाईनमध्ये भिजवून घट्ट पिळा. त्यात बोट गुंडाळा. ही गुंडाळी कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. पाणी आत जाऊ नये म्हणून वरून दुसरी पिशवी घाला. आता थर्माकोलच्या पेटीत किंवा डब्यात बर्फाचे तुकडे आणि थोडे पाणी घेऊन त्यात ही पिशवी ठेवा. बर्फ आणि पाणी एकत्र असले की थंडावा सगळीकडे सारखा राहतो. वाटेत बर्फ वितळला तर पुन्हा घाला. मासळीच्या या किनारपट्टीवर बर्फ आणि थर्माकोलची पेटी मिळणे अवघड नाही.

पेटीवर रुग्णाचे नाव, बोट तुटल्याची वेळ आणि बर्फात ठेवल्याची वेळ लिहा. पेटी रुग्णाच्याच गाडीतून न्या. मागून कुणीतरी घेऊन येईल, या भरवशावर राहू नका.

बोट कातडीच्या पट्ट्यावर लोंबत असेल तर ते कधीही कापून वेगळे करू नका. त्या पट्ट्यातून एखादी शीर चालू असू शकते. ते सरळ धरून ओलसर गॉजने झाका, खाली फळी किंवा जाड पुठ्ठा बांधा आणि थंड पिशवी बाहेरून टेकवा.

आधी माणूस, मग बोट

बोट पाहून सगळे हादरतात आणि डोक्याचा, छातीचा किंवा पोटाचा मार नजरेतून सुटतो. श्वास, शुद्ध आणि रक्तस्राव आधी पाहा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हाताने घट्ट दाबा आणि हात हृदयाच्या वर धरा. बोटाचा रक्तस्राव बहुतेक वेळा एवढ्याने थांबतो. दोरी, रबर किंवा तार आवळू नका, त्याने उरलेला भागही मरतो. हात मोठ्या भागात तुटून दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तेव्हाच वर रुंद पट्टा आवळावा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. बोटांतल्या अंगठ्या लगेच काढा. रुग्णाला चहा, पाणी, जेवण देऊ नका, कारण पुढे भूल द्यावी लागते. विडी, सिगारेट आणि तंबाखू तर नाहीच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जोडलेले बोट काळे पडू शकते.

रस्ता की रेल्वे?

पहिला थांबा जवळचे रुग्णालय. तिथे रक्तस्राव थांबवणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविक, वेदनाशामक, एक्स-रे आणि पेटीची नीट बांधणी एवढे व्हावे. मग पुढचा प्रवास.

रुग्णाला चक्कर येत असेल, बरेच रक्त गेले असेल, हात मनगटाच्या वर तुटला असेल किंवा दुसरीही दुखापत असेल, तर १०८ ची रुग्णवाहिकाच हवी. मोटारसायकलवर मागे बसवून कुणालाही नेऊ नये. वाटेत भोवळ आली तर दुसरा अपघात होतो. बोईसरहून चिल्हार फाटा किंवा पालघरहून मनोर गाठून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने जाताना खरी अडचण वसई खाडी आणि घोडबंदरच्या कोंडीत होते. निघण्याआधी वाहतुकीची स्थिती पाहणे आणि तेवढा जादा बर्फ बरोबर घेणे हाच त्यावरचा उपाय.

एकच बोट तुटले आहे, रक्त थांबले आहे, रुग्ण चालू-बोलू शकतो आणि महामार्ग तुंबलेला आहे, अशा वेळी रेल्वे हा खरोखरच चांगला पर्याय असतो. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर आणि तिथून डहाणू रोड आणखी ६४. या मार्गावर गाडीला कोंडी नसते. बरोबर दोन माणसे हवीत, एक रुग्णाला धरायला आणि एक पेटी सांभाळायला. मात्र पुढची गाडी दोन तासांनी असेल किंवा डब्यात पाय ठेवायला जागा नसेल, तर हा विचार सोडून द्यावा.

दिशाही तपासून पाहावी. मोखाड्याच्या माणसाला नाशिक आणि तलासरीच्या माणसाला वापी-वलसाड जवळ पडते. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जेजे या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. पण निघण्याआधी फोन हवाच. सूक्ष्म शस्त्रक्रियेचे पथक त्या वेळी मोकळे आहे का, हे विचारा. जखमेचा, तुटलेल्या भागाचा आणि एक्स-रेचा फोटो पाठवा. दोन तास प्रवास करून तिसऱ्याच रुग्णालयाचा पत्ता हाती पडण्यापेक्षा दहा मिनिटांचा फोन बरा.

सगळी बोटे जोडतात का?

नाही. अंगठा, एकाच वेळी तुटलेली अनेक बोटे, तळहात आणि लहान मुलांचे कोणतेही बोट यांसाठी शल्यचिकित्सक शर्थ करतात. रोलरमध्ये चिरडलेले किंवा दोन-तीन ठिकाणी तुटलेले बोट सहसा जोडता येत नाही. तरीही ते आणावेच. त्याची कातडी, नख किंवा हाड दुसऱ्या बोटासाठी उपयोगी पडू शकते. निर्णय शल्यचिकित्सकाचा असतो, कचरापेटीजवळ उभ्या असलेल्या माणसाचा नव्हे.

हाताची जवळजवळ निम्मी कामे अंगठ्यावर चालतात. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के आणि तर्जनी गेली तर १४ टक्के घटते असे धरले होते. कंत्राटावर रोजंदारी करणाऱ्याच्या घरात या टक्क्यांचा अर्थ पुढच्या पगाराच्या दिवशीच कळतो.

म्हणून कारखानदार आणि ठेकेदारांना एक विनंती. प्रथमोपचार पेटीशेजारी एक झाकणाची थर्माकोल पेटी, दोन जाड पिशव्या, निर्जंतुक गॉज आणि सलाईनची बाटली कायमची ठेवा. बर्फ कुठून आणायचा आणि फोन कुणाला करायचा, हे भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहा. आणि हा कागद रात्रपाळीच्या माणसालाही एकदा वाचून दाखवा. अपघात दिवसपाळी बघून होत नाहीत.