चित्र आणि त्याची सनद

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्या अखेरच्या वर्षांचा साक्षी असलेला १९१० सालचा राजवाडा, लोकमान्यांचे जन्मस्थान, १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलेले पतितपावन मंदिर, आणि कशेळी, देवीहसोळ, उक्षी, जांभरूण येथील सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, अज्ञात हातांनी कोरलेली व २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलेली कातळशिल्पे, एवढे वैभव ज्या जिल्ह्याच्या वाट्याला आले, त्या रत्नागिरीची छायाचित्रे आज असंख्य मोबाइलांत साठलेली आहेत. परंतु एखाद्या शाळकरी मुलाला किंवा अभ्यासकाला ती निर्वेधपणे घेता यावीत अशा सार्वजनिक संग्रहात त्यांतील फारच थोडी पोहोचतात. आणि जी पोहोचतात त्यांतलीही कित्येक, चढवणाऱ्याची भावना शुद्ध असूनही, नियमांच्या अज्ञानामुळे काढून टाकली जातात.

असे संग्रह आता दोन प्रकारचे आहेत. एक ज्ञानकोशाचा : मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, सुरू झाला आणि त्याला व इतर भाषांतील कोशांना चित्रे पुरवणारे विकिमीडिया कॉमन्स हे समाईक भांडार ७ सप्टेंबर २००४ पासून चालू आहे, त्यात आज दहा कोटींहून अधिक संचिका (फाइल) आहेत. दुसरा प्रकार चाहत्यांच्या विकींचा. एखादा चित्रपट, नाटक, कादंबरी किंवा खेळ यांवर मनापासून प्रेम करणारी माणसे एकत्र येऊन त्या एकाच विषयाचा कोश रचतात, त्यातील पात्रांची, प्रसंगांची आणि कलावंतांची सविस्तर नोंद ठेवतात. दोन्हीकडील शिरस्ते तपशिलात भिन्न असले तरी त्यांचे मूळ तत्त्व एकच आहे. कोकणात जमिनीचा व्यवहार करणारा मनुष्य सातबाराचा उतारा पाहिल्याखेरीज पुढे पाऊल टाकीत नाही. त्याचप्रमाणे चित्र कोणी काढले, कधी काढले, त्यावर हक्क कोणाचा आणि ते वापरण्याची परवानगी कोणत्या अटींवर मिळाली, एवढ्या चार गोष्टींचा दाखला सोबत असल्याखेरीज कोणतेही चित्र समाईक संग्रहात घालू नये.

हा दाखला तपासताना पहिला प्रश्न येतो तो हक्काचा. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो. चित्रात दिसणाऱ्याचा नव्हे, आणि ज्याच्या कपाटात त्याची प्रत आहे त्याचाही नव्हे. अपवाद असा की, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर प्रथम हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो. आंतरजालावर सहज सापडले, त्यावर कोणाचे नाव नाही, किंवा ते सरकारी खात्याने प्रसिद्ध केले आहे, एवढ्यावरून चित्र मुक्त ठरत नाही; सरकारी कृतींवरही प्रसिद्धीनंतर साठ वर्षे सरकारचा हक्क राहतो, मग एखाद्या खात्याने स्वतंत्र परवान्याने ती खुली केली असेल ती गोष्ट निराळी. म्हणून नवागताने स्वतः काढलेल्या छायाचित्रांपासून आरंभ करावा. दुसऱ्याचे चित्र घ्यायचे असल्यास त्याची संमती तोंडी न घेता, हक्कधारकाने स्वतः ती लेखी कळवावी अशी तजवीज करावी.

दुसरा प्रश्न परवान्याचा, आणि येथे पुष्कळांची दिशाभूल होते. कॉमन्सवर चित्र देताना आपण ते केवळ विकिपीडियाला देत नाही, तर नामनिर्देशाच्या अटीवर कोणालाही, व्यापारी उपयोगासाठीसुद्धा, देतो. ‘व्यापारी उपयोग वर्ज्य’ किंवा ‘फेरफार वर्ज्य’ अशा अटींचे चित्र तेथे स्वीकारले जात नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या आपले थिबा राजवाड्याचे छायाचित्र एखाद्या दिनदर्शिकेवर छापलेले दिसले, तर त्याखाली आपले नाव आहे की नाही आणि परवान्याच्या अटी पाळल्या आहेत की नाहीत, एवढेच विचारण्याचा अधिकार आपल्याकडे उरतो. हे दान आहे, आणि दान समजूनउमजून करावे.

तिसरा प्रश्न चित्रित वस्तूचा. आपण काढलेल्या छायाचित्रात दुसऱ्याची कलाकृती असेल तर काय? आपल्या कायद्याचे कलम ५२ या बाबतीत उदार आहे : इमारतीचे, तसेच सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास त्यात मुभा आहे. चौकातील पुतळा आज उभारलेला असला तरी तो यात बसतो. परंतु ही सवलत भिंतीवरील रंगचित्राला, चित्रपटाच्या फलकाला किंवा छापील भित्तिपत्रकाला नाही. कातळशिल्पांवर कोणाचा प्रताधिकार असण्याचा संभव नाही. मात्र त्यांच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असतोच. नमन-खेळे या कोकणी लोकनाट्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण किंवा चलच्चित्रण करताना आणखी एक भान हवे : १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंतांचे हक्क मान्य झाले आणि आता ते पन्नास वर्षे चालतात, तेव्हा प्रयोग करणाऱ्या मंडळाची संमती घेणे सौजन्याचेच नव्हे, तर कायद्याचेही आहे.

चौथा प्रश्न मुदतीचा, आणि चाहत्यांच्या विकींना तो सर्वांत जवळचा. लेखकाच्या कृतीवर त्याच्या निधनानंतर साठ वर्षे, तर चित्रपटावर प्रसिद्धीनंतर साठ वर्षे हक्क चालतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. दापोली तालुक्यातील पालगडच्या साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून प्रताधिकारमुक्त आहे, आणि आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हा १९५३ चा चित्रपटही भारतात मुदतीबाहेर गेला आहे. तथापि कॉमन्सची चाळणी दुहेरी असते. तेथील कृती मूळ देशाप्रमाणे अमेरिकेतही मुक्त असावी लागते, आणि अमेरिकेने १९९६ साली कित्येक परदेशी कृतींचे हक्क पुनरुज्जीवित केल्यामुळे या चित्रपटातील दृश्ये भारतात मुक्त असूनही तेथे अडतात. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ मात्र दोन्ही चाळण्यांतून पार होतो.

अलीकडच्या चित्रपटांची दृश्ये व फलक यांच्या बाबतीत चाहत्यांचे विकी सामान्यतः मर्यादित उपयोगाच्या तत्त्वाचा आश्रय घेतात. आपल्या कायद्यात समीक्षा व परीक्षण यांसाठी उचित उपयोगाची सवलत आहे. पण तिचा अर्थ मोकळे रान असा नव्हे. ज्या प्रसंगाविषयी लेखात खरोखर काही सांगितले आहे त्याचेच दृश्य घ्यावे, एक पुरत असेल तेथे दहा देऊ नयेत, आकार लेखापुरता लहान ठेवावा, निर्मात्याचे नाव व उगम नोंदवावा, आणि ज्याची जागा मुक्त चित्राने भरून निघते तेथे हक्काचे चित्र वापरू नये. नटाचे स्वतः काढलेले साधे छायाचित्र उपलब्ध असता मासिकाच्या मुखपृष्ठावरून त्याची छबी उचलण्यास काही समर्थन उरत नाही.

हे सर्व पाळल्यावर व्यवस्थेच्या गोष्टी उरतात. संचिकेला कॅमेऱ्याने दिलेले अंक हे नाव नव्हे. ‘थिबा राजवाडा, पश्चिम दर्शनी भाग, रत्नागिरी’ असे देवनागरीतही नाव देता येते आणि शोधणाऱ्याला तेच उपयोगी पडते. छायाचित्रासाठी जेपेग, नकाशे व रेखाकृतींसाठी एसव्हीजी किंवा पीएनजी हे प्रकार योग्य. चलच्चित्र कॉमन्सवर एमपी४ मध्ये न देता वेबएममध्ये द्यावे. चित्रावर आपल्या नावाचा शिक्का उमटवू नये. नावाची जागा वर्णनात आहे. योग्य वर्ग जोडावेत, आणि तेच चित्र आधी आलेले नाही ना ते पाहावे. मोबाइल छायाचित्रासोबत स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदवतो. आपल्या घरातून काढलेल्या चित्रातून ते काढून टाकावेत, आणि ज्या सड्यावरील कातळशिल्पांना अद्याप कुंपण वा राखणदार नाही त्यांच्या बाबतीत गावाच्या नावावर थांबणे हेच शहाणपणाचे. मंदिरातील उपासक, शिमग्याच्या पालखीतील गर्दी, मुले, यांचे चित्र कायद्यात बसले तरी त्यांच्या प्रतिष्ठेला बाध आणणारे असू नये.

प्रेमाने आणलेले चित्र प्रचालकांनी नियमावर बोट ठेवून काढून टाकले की मन खट्टू होते, हे खरे. परंतु चाहता आणि उपभोक्ता यांत भेद हाच की, चाहत्याला आपल्या आवडत्या कृतीमागील श्रमांची कदर असते, आणि त्या श्रमांचा मालक कोण हे विचारणे ही कदर करण्याची पहिली पायरी आहे. शिवाय ज्याची नोंद चोख आहे ते चित्र पन्नास वर्षांनंतरही पुरावा म्हणून उभे राहते. जे निनावी आले ते कितीही सुंदर असले तरी त्यावर कोणाला विसंबता येत नाही. तेव्हा, वाचकहो, आपल्या गावच्या मंदिराचे, बंदराचे, नाटकाचे किंवा सड्यावरील शिल्पाचे स्वतः काढलेले एखादे चांगले छायाचित्र निवडा, ते कोणी, कधी, कोठे काढले हे शुद्ध मराठीत लिहा, आणि मग ते समाईक भांडारात सुपूर्द करा.