फेस येण्यापूर्वीचे बारा तास

थंडीच्या दिवसांत रात्री विरजण लावावे आणि सकाळी झाकण काढून पाहावे तो दूध जसेच्या तसे, हा अनुभव न आलेले घर विरळाच. गृहिणी अशा वेळी घाबरत नाही. ती पातेल्याभोवती जाड फडके गुंडाळते, ते उबेला सरकवते आणि दुसऱ्या कामाला लागते. दह्याला वेळ लागतो, तो का लागतो आणि किती लागेल, हे तिला आईकडून, सासूकडून ठाऊक झालेले असते.

इंग्लंडमध्ये घरच्या घरी बिअर आंबवू पाहणाऱ्या हौशी माणसाजवळ मात्र हा वारसा राहिला नाही. एके काळी त्या देशातही घरोघर बिअर होत असे. परंतु १८८० च्या कायद्याने घरगुती उत्पादकालाही परवाना घ्यावा लागू लागला, आणि बाजारची बिअर सहज मिळू लागल्यावर घरची विद्या बव्हंशी लोपली. परवान्याची ही अट १९६३ साली उठली. अमेरिकेत तशीच मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. ज्यांच्या आजोबांनीही कधी बिअर केली नव्हती अशी माणसे मग पुस्तक उघडून पिंप धुवायला बसली. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा येथील श्रोत्यांच्या दृष्टीने हा विषय पाककृतीचा नसून जीवशास्त्राचा आहे.)

या नवशिक्यांची पहिली आणि सर्वांत मोठी चिंता एकच असते. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून केलेले माल्ट गरम पाण्यात मुरवून त्याचा गोड काढा केला, तो हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळला, निववून पिंपात ओतला, त्यात यीस्ट घातले, झाकण लावले. रात्र गेली, सकाळ झाली, तरी पिंपात काहीच घडत नाही. फेस नाही, बुडबुडा नाही. ब्रिटनमधील नेहमीचे घरगुती माप ४० पाइंटांचे, म्हणजे सुमारे २३ लिटरांचे. एवढ्या काढ्यामागे दिवसभराची मेहनत आणि बऱ्यापैकी खर्च असतो. उतावीळ माणूस दर तासाला झाकण उघडून पाहतो, ढवळतो, आणखी यीस्ट टाकतो, आणि क्वचित सगळेच मोरीत ओतून मोकळा होतो. यांपैकी बहुतेक उपाय आजारापेक्षा वाईट असतात.

वस्तुतः त्या शांत पिंपात विलक्षण गडबड चाललेली असते. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पुडीतील यीस्ट वाळवलेले, जवळजवळ झोपी गेलेले असते. पाण्याचा स्पर्श होताच त्याच्या सुरकुतलेल्या पेशी फुगू लागतात. त्या पहिल्या काही क्षणांत पेशीचे आवरण इतके सैल असते की आत काय येते आणि बाहेर काय जाते यावर तिचा ताबा नसतो. अशा वेळी ती दाट साखरेच्या काढ्यात पडली, तर तिच्यापैकी बऱ्याच भगिनी तेथेच दगावतात. म्हणून जुनी शिकवण अशी की, यीस्ट आधी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या कोमट, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे. (अलीकडे काही उत्पादक आपले यीस्ट काढ्यावर थेट शिंपडले तरी चालते असे सांगतात. ते त्या विशिष्ट यीस्टपुरते खरे धरावे.)

जागी झालेली पेशी लगेच मद्य करायला लागत नाही. आधी ती सभोवतालचा अदमास घेते. काढ्यात कोणत्या शर्करा आहेत, नत्रयुक्त द्रव्ये किती आहेत, हे पाहून त्यांना आत घेण्यासाठी लागणारी प्रथिने ती घडवते. आणि तिचे सर्वांत निकडीचे काम म्हणजे आवरणाची डागडुजी. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरणही दुप्पट लागणार. त्यासाठी एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त स्निग्धाम्ले हवीत, आणि ही दोन्ही द्रव्ये प्राणवायूवाचून तिला घडवता येत नाहीत. आंद्रेआसन आणि स्टायर या संशोधकांनी १९५३ आणि १९५४ साली हे प्रयोगाने दाखवून दिले: हवेवाचून वाढणाऱ्या यीस्टला ही द्रव्ये बाहेरून पुरवावी लागतात, एरवी त्याची वाढ खुंटते.

येथे दह्याचा दाखला सोडून द्यावा लागतो. विरजणातील जंतूंना हवेची गरज नसते. यीस्टचे वर्तन मात्र चमत्कारिक आहे. मद्य निर्माण करण्याची त्याची कीर्ती हवेवाचून जगण्यामुळे झाली, पण त्या जगण्याची शिदोरी त्याला आरंभी हवेतूनच बांधून घ्यावी लागते. आणि बिअर करणारा नेमकी तीच हवा हिरावून घेतो. तासभर उकळल्याने काढ्यातील विरघळलेला प्राणवायू निघून गेलेला असतो. म्हणून निवलेला काढा पिंपात ओतताना उंचावरून, खळखळ आवाज करीत ओतावा, किंवा पिंप चांगले हिंदकळावे. नुसत्या हवेने २० अंशांना एका लिटरात ८-९ मिलिग्रॅम प्राणवायू मुरतो आणि तेवढा बहुधा पुरतो. वाळवलेले यीस्ट कारखान्यात भरपूर हवेत वाढवलेले असल्याने थोडी शिदोरी बरोबर घेऊनच येते. द्रवरूप यीस्टला हवेची गरज अधिक भासते.

या पूर्वतयारीला साधारणतः पाच-सहा तासांपासून बारा-पंधरा तास लागतात. कधी पुरते २४ तासही जातात आणि तरी काही बिघडलेले नसते. त्याहून अधिक वेळ लागला तर कारणे बहुधा साधीच निघतात. पहिले, यीस्ट थोडे किंवा जुने. मद्यशाळांच्या व्यवहारात धरला जाणारा हिशेब साध्या, मध्यम गोडीच्या बिअरसाठी दर मिलिलिटरला सुमारे ९० लाख जिवंत पेशींचा आहे. २३ लिटरांना २०० अब्जांहून जास्त झाल्या. दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हात वर्ष काढलेल्या पुडीत तेवढ्या कोठून उरणार? दुसरे कारण थंडी. इंग्लंडातील जानेवारीच्या रात्री स्वयंपाकघराचा पारा बराच खाली उतरतो, आणि १८ ते २२ अंशांत रमणारे यीस्ट तेथे नुसते बसून राहते. जर्मन पद्धतीची लागर बिअर १० अंशांच्या आसपास आंबवतात. तिला तर मुळातच अधिक सबुरी लागते. तिसरे कारण याच्या उलट: घाई. काढा नीट निवण्यापूर्वीच यीस्ट घातले, तर ते भाजून मरते. मग बुडबुड्याची वाट कितीही पाहिली तरी व्यर्थ.

आणखी एक कारण असे की, पुष्कळदा उशीर झालेलाच नसतो. पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली एक नळी बसवतात. आतला कर्बवायू तिच्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो, आणि नवशिक्या त्या नळीकडे डोळे लावून बसतो. परंतु २० अंशांना एक लिटर द्रवात जवळजवळ लिटरभर कर्बवायू मुरू शकतो. म्हणजे आरंभीचा कित्येक लिटर वायू निर्माण होऊनही नळीपर्यंत पोचतच नाही. झाकण जरासे सैल असेल, तर तो तेथून निसटतो आणि नळी अखेरपर्यंत मुकी राहते. खरी साक्ष देतो तो हायड्रोमीटर. साखर असलेला काढा जड असतो, त्याचे विशिष्ट गुरुत्व समजा १.०४८ भरते. साखरेचे मद्य होऊ लागले की ते उतरत जाते आणि शेवटी १.०१० च्या आसपास थांबते. दोन दिवसांनी घेतलेले माप खाली आले असेल, तर नळी काहीही सांगो, काम चालू आहे.

मग इतकी चिंता तरी का करावी? याचे कारण, हा मोकळा काळ धोक्याचा असतो हे खरेच. गोड, कोमट, नत्राने समृद्ध असा काढा म्हणजे साऱ्या सूक्ष्म जीवांना उघडे अन्नछत्र. यीस्टने ताबा घेतला की आम्लता वाढते, मद्य तयार होते, प्राणवायू संपतो आणि इतरांची वाट बंद होते. हॉप्समधील कडू द्रव्ये दूध आंबवणाऱ्या जातीच्या जंतूंना बरीचशी आवरतात, पण सगळ्यांना नाही. काही जंतू या बारा-चोवीस तासांतच हात मारून जातात आणि बिअरला शिजलेल्या भाजीसारखा वास ठेवून जातात. गोव्यात काजूच्या रसात कोणी यीस्ट घालत नाही. तो रस उकळलेला नसल्याने फळावरचे यीस्ट त्यात आपोआप येते आणि रस स्वतःच आंबतो. उकळलेल्या काढ्यात असे आयते रहिवासी उरत नाहीत. तेथे जो आधी पोचेल आणि आधी वाढेल त्याचेच राज्य होते.

ही शर्यत केवढ्या मोलाची आहे हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेने अनुभवले. तिचे संस्थापक याकोबसेन यांनी १८४५ साली म्युनिकहून यीस्ट आणले. घोडागाडीच्या त्या लांबच्या प्रवासात प्रत्येक मुक्कामाला ते डब्यावर थंड पाणी ओतीत राहिले, अशी कथा सांगतात. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत त्यांची बिअर बिघडू लागली. मद्यशाळेच्या प्रयोगशाळेतील एमिल ख्रिस्टियन हान्सेन यांना आढळले की चांगल्या यीस्टमध्ये रानटी जाती मिसळल्या आहेत. त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये त्याची पहिली बिअर झाली. याकोबसेन यांनी ही युक्ती लपवली नाही, इतर मद्यशाळांनाही दिली. आज घरगुती पुडीत मिळणारे एकजातीय यीस्ट त्याच वाटेने आले आहे.

तेव्हा माणसाचे काम यीस्ट घालण्यापूर्वीच बहुतेक संपलेले असावे. भांडी निर्जंतुक करावीत, काढा लवकर निववावा, त्यात हवा खेळवावी, यीस्ट ताजे आणि पुरेसे घ्यावे. त्यानंतर पहिला दिवस झाकणाला हात लावू नये. दुसरा दिवसही कोरडा गेला तर पिंप उबेला सरकवावे आणि माप घ्यावे. मापासाठी काढलेला नमुना पुन्हा आत ओतू नये. ७२ तासांनंतरही गुरुत्व जागचे हलले नसेल, तर भिजवून जागे केलेले नवे यीस्ट घालावे. नवशिक्या ज्याला अपयश म्हणतो, ते बहुधा तेथवर पोचतच नाही.

२०१३ साली कार्ल्सबर्गच्या तळघरात हान्सेनच्या काळातील बिअरची एक जुनी बाटली सापडली. तिच्या तळाशी काही पेशी जिवंत निघाल्या. प्रयोगशाळेत त्यांना अन्न देऊन वाढवण्यात आले, आणि २०१६ साली त्यांच्यापासून पुन्हा बिअर झाली.