यवतेश्वरचा उतार

सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलेला पुण्या-मुंबईचा माणूस कुठून तरी ओळख काढून फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "घाट किती आहे हो?" किती म्हणजे किलोमीटर, वळणे की उंची, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. काहीही सांगितले तरी तो घाबरायचा तेवढा घाबरतोच. उतार किती आहे, हे मात्र आजवर मला एकाही माणसाने विचारलेले नाही. आणि रविवारी सकाळी फिजिओच्या तंबूत जी मंडळी "आई गं" करत आडवी पडलेली असतात, ती बहुतेक सगळी उतारानेच पाठवलेली असतात.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंतर २१.१ किलोमीटर. पोलिस परेड ग्राउंडवरून निघायचे, अदालतवाडा आणि समर्थ मंदिर मागे टाकून बोगद्यापाशी यायचे, बोगद्यात न शिरता यवतेश्वरचा घाट धरायचा, वर कासच्या रस्त्याला प्रकृती रिसॉर्टच्या भागात वळायचे आणि आल्या वाटेने परत. म्हणजे जेवढे चढलात तेवढे उतरायचेच, त्यातून सुटका नाही. ही स्पर्धा २०१२ साली सुरू झाली. त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कास पठाराचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे सातारकरांना त्या एका वर्षात मिरवायला दोन गोष्टी मिळाल्या. पुढे २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक धावपटू पळाल्याची गिनीज बुकात नोंद झाली. आकडा होता २,६१८. तेव्हापासून आमच्याकडे न पळणारा माणूससुद्धा पाहुण्यांना हा आकडा ऐकवतो.

आता आतल्या गोष्टी.

शनिवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला आलेले निम्मे लोक दुपारी गाडी काढून घाट 'बघून' येतात. मी त्यांना जीव तोडून सांगतो, की बघू नका. गाडीच्या काचेतून चढ आहे त्यापेक्षा जास्त उभा दिसतो आणि रात्रीची झोप जाते. एकदा एक जोडपे घाट बघून आले, ते परत येताना शब्दही बोलेनात. बाईंनी शेवटी मला बाजूला घेऊन विचारले, "ह्यांना पाच किलोमीटरच्या गटात टाकता येईल का?" नवऱ्याने हे ऐकले आणि ईर्ष्येने दुसऱ्या दिवशी पूर्ण पळाला. बाई त्याच्या पुढे होत्या, ही गोष्ट वेगळी.

शनिवारचा दुसरा घोळ खाण्याचा. पुस्तकात वाचून कार्ब लोडिंग, म्हणजे आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खाणे, करायला आलेली माणसे हॉटेलात पास्ता शोधतात. साताऱ्यात येऊन ज्वारीची भाकरी आणि भात सोडून पास्ता कशाला, हे मला कळलेले नाही. पण त्याहून भयंकर ते, जे शनिवारी संध्याकाळी झणझणीत मिसळ खातात आणि वर कंदी पेढे हाणतात. पहाटे परेड ग्राउंडवरच्या फिरत्या शौचालयांपुढे जी रांग लागते, तिच्यातल्या लोकांचे चेहरे पाहून कोण काय जेवले ते ओळखता येते. पेढे रविवारी न्यावेत. शनिवारी त्यांच्याकडे पाहूसुद्धा नये.

मी या स्पर्धेत पेसर म्हणून पळतो. पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेचा फलक हातात धरून पळणारा माणूस. त्याच्याबरोबर राहिले की त्या वेळेत पोहोचायची खात्री. धावणाऱ्यांच्या भाषेत याला 'बस' म्हणतात. दोन तासांची बस, सव्वादोनची बस. माझी अडीच तासांची. सपाट शहरात पेसरचे काम सोपे असते, प्रत्येक किलोमीटर सात मिनिटे आणि सातेक सेकंदांत टाकत राहायचा, अडीच तास बरोबर लागतात. साताऱ्यात हे गणित पहिल्याच चढाला गार होते. तिथे वेग सारखा ठेवायचा नसतो, दम सारखा ठेवायचा असतो. मी साधारण ८० मिनिटांत वर जातो आणि ७० मिनिटांत खाली येतो. पण माझ्या बसमधले मनगटाकडे पाहत असतात आणि पाचव्या किलोमीटरला कुजबुज सुरू होते, "काका मागं पडले वाटतं." एका गृहस्थांनी तर घाटाच्या पायथ्याशीच मला थेट सुनावले, "तुम्ही चुकताय, मी दोन तास वीसच्या बसमध्ये जातो." म्हटले, जा बाबा. ते आम्हाला घाट संपायच्या आतच कठड्यावर टेकलेले भेटले. त्यांनी काही न बोलता उठून आमच्या मागे चालायला सुरुवात केली. मीही विचारले नाही. बसमध्ये चढलेल्याला तो कुठे उतरला होता हे विचारायचे नसते.

घड्याळांचा अजून एक तमाशा असतो. घाटात डोंगर आडवा येतो, वर ढग उतरलेले असतात, वळणे तर सारखी, त्यामुळे प्रत्येकाच्या घड्याळातले अंतर वेगळे. शेवटी कुणीतरी भांडायला येतोच, "माझ्यात २१.४ आले, तुमचा रस्ता मोठा आहे." मॅरेथॉनचे रस्ते मोजायची रीत माहीत नसली की असे होते. मोजणारा सायकलवरून, प्रत्येक वळण आतून घेत, कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवरून जातो, म्हणजे सगळ्यात आखूड वाट मोजतो. तुम्ही वळणाला बाहेरून फोटोवाल्याकडे बघत गेलात, तर जास्तीचे मीटर तुमचे तुम्हीच विकत घेतलेत.

चढाचा म्हणून मला एक क्षण फार आवडतो. आपण जात्या बाजूला धापा टाकत असतो आणि वरून पहिला धावपटू परत येताना दिसतो. आधी पायलट मोटारसायकलचा दिवा, मग तो. या पहिल्या काही जणांच्या पावलांचा आवाज जवळजवळ येत नाही. उतारावर आपण धाडधाड टाचा आपटतो, ते मात्र छोटी छोटी, भरभर पावले टाकत जातात, अंग किंचित पुढे. बसमधल्यांना मी नेहमी सांगतो, पदक कुणाला मिळते ते बघू नका, त्याचे पाय बघा, तासाभराने उपयोगी पडेल. कुणीही पाय बघत नाही. सगळे टाळ्या वाजवतात आणि मोबाईल काढतात.

वरच्या पठारावर धुके असले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, नुसते ढोल ऐकू येतात. वळणाच्या जागी रस्त्यावर टायमिंगची मॅट असते. बिबच्या मागे जी चिप चिकटवलेली असते, तिची इथे नोंद होते. ही मॅट नसती तर धुक्याचा फायदा घेऊन किती जण अलीकडूनच वळले असते, देव जाणे. चिपचा एक किस्सा मला टायमिंगवाल्या पोराने सांगितलेला. दोन नावे, एक पुरुष एक बाई, आणि दोघांचीही वेळ प्रत्येक मॅटवर सेकंदासकट तंतोतंत सारखी. एवढे जोडीने पळणारे नवरा-बायको त्याने पाहिले नव्हते. फोटो काढून पाहिले तर फोटोत एकटाच माणूस. बायको आदल्या रात्री पाहुण्यांकडे पाय मुरगळून बसलेली, आणि तिचे पदक वाया जाऊ नये म्हणून यांनी तिचा बिब खिशात घालून नेलेला. बिचाऱ्याचे प्रेम खरे होते. निकाल मात्र एकाचाच लागला, आणि तोही बाद.

आणि मग उतार सुरू होतो.

इथे माझी बस फुटते. दरवर्षी फुटते. तास-सव्वातास शहाण्यासारखी बरोबर आलेली माणसे घाटाच्या तोंडाशी आली की त्यांच्या अंगात वारे शिरते. पुण्याचा एक इंजिनीअर मुलगा, चढ अगदी माझ्या खांद्याला खांदा लावून आला होता. खाली सातारा दिसायला लागल्यावर म्हणाला, "काका, आता काय उतारच आहे, मी होतो पुढे." थांब म्हणेस्तोवर दोन वळणे खाली गेला.

चढताना दम लागतो, पण स्नायू फारसे दुखावत नाहीत. उतरताना उलट असते. दम लागत नाही, म्हणून वाटते की फुकटचे चालले आहे. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचे वजन पेलून ब्रेक लावत असतो. असे काही हजार ब्रेक लागले की त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ती लगेच कळतही नाही. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये हेच होते. तिथली हार्टब्रेक हिल जगभर बदनाम, पण तिची चढण जेमतेम २७ मीटरची. आमच्या घाटापुढे ती काहीच नाही. तिथे माणसे मोडतात, कारण ती टेकडी येईपर्यंत सुरुवातीच्या लांबलचक उताराने त्यांच्या मांड्या आधीच खाऊन टाकलेल्या असतात. नाव टेकडीचे, करणी उताराची.

घाटात पाणी देणाऱ्या मुलांना हे सगळे न शिकवता माहीत झाले आहे. चढणारा टेबलापाशी थांबतो, घोटभर पितो, डोक्यावर ओततो, दोन वाक्ये बोलतो. उतरणारा थांबत नाही, पळता पळता झडप घालतो. म्हणून उतरत्या बाजूला पेले अर्धेच भरतात. टेबल वळणाच्या आतल्या अंगाला कधी लावत नाहीत, कारण उतरणारे सगळे तिथूनच कापतात. आणि केळ्याच्या साली. चढताना लोक केळी खातात आणि साल रस्त्यावर टाकतात, ओल्या डांबरावर, त्याच रस्त्याने तासाभराने सगळे वेगात खाली येणार असतात. कॉलेजची दोन-चार पोरे पोती घेऊन नुसत्या साली गोळा करत वर-खाली करतात. त्यांना ना पदक, ना फोटो. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात जास्त घाट तीच पोरे चढतात.

रस्ता बंद असल्यामुळे वरच्या गावांतले दूधवाले अडकतात, हाही एक नेहमीचा प्रकार. एकदा एकजण दोन कॅन लावलेली मोटारसायकल कडेला उभी करून शांत बसला होता. मी म्हटले, "उशीर होतोय ना?" म्हणाला, "व्हऊ द्या. शेरातली मानसं आज दूध प्यायला घरी हाईत कुठं, सगळी हितं पळत्यात."

तर तो इंजिनीअर. आम्ही घाट उतरून समर्थ मंदिर ओलांडले आणि पुढे अदालतवाड्याच्या अलीकडे एका घराच्या पायरीवर तो दिसला. दोन्ही मांड्यांना गोळे आलेले, चेहरा पांढरा. घरातल्या आजींनी त्याला मीठ-साखरेचे पाणी पाजले होते आणि त्याचा एक पाय मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळत होत्या. तो संकोचाने मरायचा बाकी होता. "आजी, मी जातो आता," असे तो म्हणाला की आजी म्हणायच्या, "बस गप. अजून दुसरा पाय ऱ्हायलाय." मी फलक उंचावून म्हटले, "चला, बसमध्ये जागा आहे." त्याने आजींकडे पाहिले. दुसरा पाय झाल्याशिवाय त्याची सुटका होईल असे दिसत नव्हते. आम्ही पुढे निघालो. तो पावणेतीन तासांच्या बसबरोबर आला, आणि तो पोहोचला तेव्हा त्याच्या पायांना खोबरेलाचा वास येतोय म्हणून फिजिओ पोरी हसत होत्या.

शेवटचे दोन किलोमीटर शहरातले. दोन्ही बाजूंनी माणसे उभी, लेझीम, हलगी, नाव वाचून हाका मारणारी शाळेची पोरे. मांड्या संपलेल्या असतात, तेव्हा सपाट रस्तासुद्धा चढ लागतो. इथे मी काही बोलत नाही. पेसरने गप्प बसावे अशी ही एकमेव जागा आहे.

स्पर्धेच्या आठवड्यात लॉज मिळत नाहीत, त्यामुळे पाहुणे ओळखीपाळखीने घरांत उतरतात. आमच्या पेठेतल्या एका घरी मुंबईचे एक गृहस्थ उतरले होते. यजमानांनी कौतुकाने माडीवरची हवेशीर खोली दिली. जुना वाडा, लाकडी जिना, उभा आणि अरुंद. रविवारी भलेमोठे पदक गळ्यात घालून पाहुणे टणाटण वर गेले. सोमवारी सकाळी चहाला हाक मारली तर खाली येईनात. जिन्याच्या तोंडाशी उभे, कठडा दोन्ही हातांनी धरलेला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला की मांडी लटलट. शेवटी चहा वर गेला, मग नाश्ता वर गेला, आणि दुपारी ते एकेका पायरीवर बसत बसत खाली आले.

पुढल्या वर्षी त्यांचा फोन आला, तेव्हा यजमानांच्या आईने फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, "या, या. औंदा कोठीची खोली रिकामी केलीया. खालीच झोपा."