बटण दाबलं, पुढे काय?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं मोहिमेवरून सुखरूप परत येत, नीट उतरत आणि धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत, पण हात पडे चाकांच्या खटक्यावर. शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. अल्फान्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी-शेजारी. त्याने एकाला छोटं रबरी चाक लावलं, दुसऱ्याला पाचरीचा आकार दिला. न बघताही हाताला फरक कळू लागला. चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची ठेवण्याची रीत विमानांत आजही आहे.

इंटरफेस डिझाइन म्हटलं की आपल्याला अ‍ॅप आठवतं, पण या विद्येचा पाया असल्या खटक्यांत आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं ते दारं, नळ आणि शेगड्यांची उदाहरणं घेऊन. त्यांचा पहिला आग्रह असा, की वस्तू कशी वापरायची हे वस्तूनेच सांगावं. दार ढकलायचं की ओढायचं हे पाटी वाचून कळत असेल, तर दाराचं हँडल चुकलेलं आहे. काचेच्या स्क्रीनवर ही अडचण दुपटीने वाढते, कारण तिथे सगळंच गुळगुळीत. बटणाला उठाव, दुव्याला रेघ या खुणा म्हणूनच हव्यात. सपाट, फिकट, 'स्वच्छ' दिसणाऱ्या स्क्रीनची फॅशन आली आणि त्याच आधी गेल्या, हे मला तरी सौंदर्यापेक्षा आळसाचं लक्षण वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागेचं नातं. दोन बर्नरच्या शेगडीत डावं बटण डाव्या बर्नरचं, उजवं उजव्याचं. कुणी शिकवावं लागत नाही. चार बर्नर चौकोनात आणि चार बटणं एका ओळीत आली, की रोज स्वयंपाक करणारी बाईसुद्धा क्षणभर थबकते.

तिसरी अडचण 'मोड'ची: तेच बटण, पण यंत्राच्या अवस्थेप्रमाणे काम वेगळं. फोनचा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असताना पासवर्ड टाइप करणाऱ्याला ती ठाऊक आहे. ठिपक्यांमागे काय उमटतंय ते दिसतही नाही. झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात कट-कॉपी-पेस्टची घडण करणारे लॅरी टेस्लर मोडच्या इतके विरोधात होते, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं होतं. त्याच प्रयोगशाळेतून खिडक्या आणि चित्रखुणांचा पडदा पुढे आला, आणि १९८४च्या मॅकिंटॉशने तो घराघरांत नेला. त्यातही एक गंमत होतीच: फ्लॉपी बाहेर काढायला तिचं चित्र कचऱ्याच्या डब्यात टाकायचं! आतली माहिती पुसली जाईल या धास्तीने लोकांचा हात अडे.

पण या सगळ्यांत मला मोलाचा वाटतो तो फीडबॅक. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला होता, म्हणून कर्मचारी ती बंद आहे असं धरून चालले. तो दिवा झडप बंद झाल्याचं सांगतच नव्हता. ती बंद करण्याचा विद्युत संदेश गेला, एवढंच सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ पाणी वाहून गेलं आणि अणुभट्टीचा गाभा वितळू लागला.

याच्या उलट टोकाला आपलं मतदान यंत्र. त्याचं बाह्य रूप घडवण्यात पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात आहे. यंत्राच्या सुरक्षिततेचा वाद स्वतंत्र. इथे फक्त बटणाकडे पाहू. अधिकारी कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण दाबत नाही तोवर मतदारापुढचं यंत्र मुकं असतं. मग हिरवा दिवा लागतो. चिन्हाच्याच ओळीत निळं बटण, शेजारी ब्रेलमध्ये क्रमांक; नको असलेली बटणं झाकलेली. बटण दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि लांब बीप वाजते. ती टेबलापाशी बसलेल्या पोलिंग एजंटांनाही ऐकू जाते. पुन्हा कितीही दाबा, दुसरं मत पडत नाही. मेनू नाही, पासवर्ड नाही, अक्षरओळखीची अट नाही. पाच वर्षांतून एकदा वापरणाऱ्यासाठीच ते बेतलेलं आहे. उणीव म्हणाल तर हात चुकला की माघार नाही. आणि एका युनिटवर जागा सोळाच. २०१९ साली तेलंगणातल्या निझामाबादमध्ये १८५ उमेदवार उभे राहिले, तेव्हा १२ युनिटं जोडावी लागली. तिथे बटण दाबणं सोपंच राहिलं, आपलं चिन्ह शोधणं तेवढं अवघड झालं.

ही सूत्रं उलटी फिरवूनही वापरता येतात. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलं, की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितका हात लवकर पोचतो. खरेदीच्या अ‍ॅपवाल्यांना हे पक्कं माहीत आहे: 'होय' ठसठशीत आणि अंगठ्याखाली, 'नको' राखाडी, बारीक, कोपऱ्यात. या चलाखीला हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार आहेत: न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला ओशाळवाणं करणं, वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं दुष्कर ठेवणं. यांपैकी एकही डिझायनरच्या अजाणतेपणातून घडत नाही, त्यामुळे तिथे नॉर्मन यांचं पुस्तक हाती देऊन भागणार नाही, दंडच लागेल.